चार दारांची पाटी

मित्रांनो, आधी नाक धरा. मी एक जुनी लाकडी पाटी आहे आणि मला वास येतो. ओल्या फडक्याचा, बादलीतल्या काळ्या पाण्याचा, तळघरात कुजलेल्या बटाट्यांचा आणि साठ वर्षांत मला हात लावून गेलेल्या सगळ्या माणसांचा. गंमत बघा, माझ्या धाकाने अख्खं घर चकचकीत राहिलं, पण मला पुसावं असं कधी कोणाच्या मनात आलं नाही.

माझ्यावर एवढंच लिहिलेलं आहे: झाडूचा आठवडा. जर्मनीत नेकार नदीच्या काठी आमच्या गावात प्रत्येक जिन्यावर माझी एकेक बहीण असते. जिच्या दारावर पाटी, तिने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, तळघराच्या पायऱ्या साफ करायच्या, दारापुढचा रस्ता झाडायचा आणि कचऱ्याची पिंपं धुवायची. शनिवारी दुपारपर्यंत सगळं आटोपलं पाहिजे. रविवारी संध्याकाळी पाटी पुढच्या दारावर. आमच्या घराला चार मजले आणि चार दारं. त्यामुळे चार आठवड्यांनी फिरून पुन्हा तेच दार.

माझा जन्म जिन्यातच झाला. लढाईत पडलेलं घर पुन्हा उभं राहत होतं. सुताराने बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा कठडा तळमजल्यापासून वरपर्यंत वळवत नेला आणि शेवटी हाताच्या पंजाएवढा एक तुकडा उरला. मालकीणबाई म्हणाल्या, "फेकू नका, पाटी करा." सुताराने सळई तापवून माझ्यावर अक्षरं डागली, जवसाचं तेल चोपडलं आणि सुतळी ओवली. म्हणजे तो कठडा माझा सख्खा भाऊ. तो एका जागी राहिला. मी दारोदार फिरू लागले.

सुरुवातीची वर्षं मी फार तोऱ्यात होते. तेव्हाच्या बायका इरेला पेटून जिना घासत. पाद्रीबाबांच्या पत्नी एकदा म्हणाल्या, "या पायरीवर थेट जेवायला वाढावं." मी आठवडाभर गर्वाने फुगले होते. मग हळूहळू मला दिसू लागलं की माणसं मला नेतात कशी. रविवारी सहाच्या ठोक्याला कापडी सपाता घालून, चवड्यांवर, चोरासारखी येतात. शेजाऱ्याच्या दारावरच्या खिळ्याला मला अडकवतात आणि ते दार उघडायच्या आत पळून जातात. का? तर समोरासमोर गाठ पडू नये, दोन शब्द बोलावे लागू नयेत म्हणून! साठ वर्षांत मला कोणी कोणाच्या हातात दिलं नाही. पायऱ्या इतक्या स्वच्छ आणि माणसं एकमेकांना अशी टाळणारी. मला तेव्हापासून शिसारी येऊ लागली.

त्यातून पहिल्या मजल्यावर हेफेलेबाई राहायला आल्या.

हेफेलेबाईंच्या एप्रनच्या खिशात कायम एक काडेपेटी असते. त्या सिगारेट ओढत नाहीत, त्यांच्याकडे चूलही विजेची आहे. काड्या कशाला? तर शुक्रवारी रात्री त्या जिन्याच्या एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक काडी टाकून ठेवतात. शनिवारी दुपारी जाऊन बघतात. काडी तिथेच असली, तर झाडू नीट फिरला नाही हे सिद्ध. मग ती काडी उचलून गुन्हेगाराच्या उंबऱ्यावर ठेवायची. अगदी मधोमध. वर बाईंचे कान असे की आपल्या स्वयंपाकघरात बसून त्या भिंतीपलीकडचे झाडूचे फटके मोजतात. कोणत्या पायरीवर किती फिरला, सगळं त्यांच्याकडे तयार.

दुसऱ्या मजल्यावरच्या देस्पिनाबाई मूळच्या ग्रीसच्या. पंचवीस वर्षं कारखान्यात काम करून आता निवृत्त झालेल्या, अंगाने भारदस्त, जिभेने त्याहून.

"देस्पिनाबाई, तुमच्या उंबऱ्यावर काहीतरी ठेवलंय हं," हेफेलेबाई गोड आवाजात म्हणत.

"बघितलं. त्याच काडीने मेणबत्ती लावली. अजून चार टाका, सणाला लागतील."

असं कोणी बोललं की मला जरा मोकळा श्वास मिळे. पण सगळेच देस्पिनाबाई नसतात. तळमजल्यावरचे मेर्कलेआजोबा नव्हते. ते एकटे, मुखदुर्बळ. काडी दिसली की त्यांचा चेहरा उतरायचा आणि ते सगळा जिना पुन्हा पुसायचे.

मित्रांनो, आता जे सांगते ते ऐकवणार नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका रविवारी मला मेर्कलेआजोबांच्या दारावर टांगलं. त्या आठवड्यात जिना झाडला गेला नाही. शनिवारी उंबऱ्यावर एक काडी पडली. रविवारी दुसरी, सोमवारी तिसरी. मग माझ्या सुतळीत चिठ्ठ्या खोचल्या गेल्या. पहिलीत "कृपया" होतं. दुसरीत नव्हतं. तिसरीत हेफेलेबाईंनी "बेशरम" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. पुढे वास सुटला, तेव्हा त्यांनी नाकाला रुमाल लावून उंबऱ्यावर व्हिनेगर शिंपडलं आणि म्हणाल्या, "कचरासुद्धा बाहेर काढत नाही हा माणूस!" अकराव्या दिवशी आजोबांच्या बहिणीने किल्लीवाल्याला बोलावलं. आजोबा पहिल्याच सोमवारी गेलेले होते. हृदय बंद पडून.

अकरा दिवस मी एका मेलेल्या माणसाच्या दारावर लटकून त्याला "झाड, झाड" म्हणत होते. दार वाजवायचं मात्र कोणाला सुचलं नाही. त्या दिवसापासून मला माझ्या अक्षरांचीच किळस येते.

नंतर त्या दारावर काळी फीत लागली आणि मी ते दार सोडून पुढे जाऊ लागले. आमच्या घरात मेलेल्याचं दार गाळतात, जिवंताचं नाही. ही रीत लक्षात ठेवा.

पुढच्या ऑक्टोबरात त्या रिकाम्या घरात गॉटहिल्फ राऊश राहायला आले. वय सदुसष्ट. वरच्या पठारावरच्या एका खेड्यात त्यांचं स्वतःचं घर होतं, मागे आलुबुखाराची अकरा झाडं, झोपायच्या खोलीपर्यंत तेवीस उभ्या पायऱ्या आणि लाकडं फोडून पेटवायची शेगडी. तीस हिवाळे त्यांनी रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवली होती. पठारावरची मुलं शाळेत पोचली ती राऊशआजोबांनी पहाटे रस्ता मोकळा केला म्हणून. मग एके दिवशी लाकडं फोडताना छातीत कळ आली. डॉक्टरांनी छातीचं हाड उघडून हृदयाला नव्या वाटा जोडून दिल्या आणि सांगितलं: तेवीस पायऱ्या नकोत, शेगडी नको, दवाखान्याजवळ तळमजल्यावर राहा.

सामान उतरवणारी माणसं खुर्च्या नेत होती. आजोबा छातीशी एक छोटी उशी घट्ट धरून उभे होते. खोकला आला की ती उशी दाबायची, म्हणजे जुळत आलेलं हाड हलत नाही. त्यांना साधा स्टूलही उचलू देत नव्हते.

"बाबा, ठेवा ते!" मुलगी ओरडली. तिचं नाव उलरिके. शेजारच्या गावात शिक्षिका.

"दिव्याची टोपी आहे गं ही. कागदाची."

"कागदाची असो नाहीतर हवेची. ठेवा."

तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर होते आणि जिन्याच्या पोकळीतून सगळं ऐकत होते. दोन दिवसांनी उलरिकेने हेफेलेबाई आणि देस्पिनाबाईंना जिन्यातच गाठलं.

"बाबांना झाडायची परवानगी नाही. बादली तर मुळीच नाही. अजून निदान सहा आठवडे."

"मग पाटी कुठे टांगायची?" हेफेलेबाईंनी विचारलं.

"त्यांचं दार गाळा ना."

देस्पिनाबाईंनी छातीवर क्रूस काढला. हेफेलेबाईंनी एप्रनवरची नसलेली धूळ झटकली.

"दार गाळायचं? बरं बाई. तुम्हीच म्हणताय."

त्या मुलीला बिचारीला रीत काय माहीत! आणि आधी त्या घरात काय झालं तेही तिला कोणी सांगितलं नाही. मेर्कलेआजोबांचं नाव निघालं की सगळे बाहेर पाऊस आहे का ते बघू लागत.

झालं. माझी पाळी वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर यायची होती, ती थेट हेफेलेबाईंच्या दारावर आली. सोमवारी सकाळी खालून पावलं ऐकू आली. चार पायऱ्या, थांबा. चार पायऱ्या, थांबा. हात कठड्यावर घसटत होता. राऊशआजोबा नव्या शेजाऱ्यांना आपली ओळख करून द्यायला निघाले होते. कोटाच्या खिशात आलुबुखाराच्या जॅमची बाटली, जुन्या घरची, झाकणावर गेल्या वर्षीची तारीख. त्यांनी बेल वाजवायला हात वर केला आणि मला बघितलं.

दार उघडलं.

"नमस्कार. मी खालचा राऊश. हा घरचा जॅम. ही पाटी गेल्या आठवड्यात सगळ्यात वरच्या दारावर होती ना?"

"होती."

"मग मधलं माझं दार कुठे गेलं?"

"तुमच्या मुलीने सांगितलं, गाळा."

"या घरात कोणाचं दार गाळतात?"

"रिकाम्या घराचं."

"माझं घर रिकामं का होतं?"

"आधीचे गेले."

"कुठे गेले?"

"गेले म्हणजे... गेले हो!" हेफेलेबाईंचे कान लाल झाले.

"असं. म्हणजे मला त्यांच्यात धरलंत." आजोबांनी मला खिळ्यावरून काढलं. "आमच्या गावातही हीच रीत आहे, बाई. मी अजून आहे."

त्यांनी मला कोटाच्या आत धरलं आणि जिना उतरू लागले. माणसाच्या छातीशी मी पहिल्यांदाच गेले होते. कोटाखाली ते हृदय धडधडत होतं, मधेच अडखळत होतं, पुन्हा चालू लागत होतं. नव्या घरात माणूस अंधारात चाचपत चालतो तसं. मला ते आवडलं. पण मी काय आहे ते आठवलं आणि अंगावर काटा आला. या माणसाच्या दारावर मी टांगली गेले तर त्याने झाडायचं, आणि झाडलं तर त्याने मरायचं. नाही टांगली गेले तर तो मेलेलाच. असली मी पाटी!

तो आठवडा मी त्यांच्या दारावर होते. दारामागून त्यांचं नवं घर मला ऐकू यायचं. सकाळी वजनाचा काटा खट्‌ वाजे. मग गोळ्यांच्या डबीची झाकणं, एक, दोन, तीन. जुन्या घरी दिव्याचं बटण दाराच्या डावीकडे होतं, इथे उजवीकडे. रोज संध्याकाळी त्यांचा हात डावीकडच्या कोऱ्या भिंतीवर फिरत राहायचा आणि मग ते हळूच म्हणायचे, "नाही रे बाबा. इथे नाही." उलरिकेचा फोन आला की मात्र आवाज खणखणीत: "मजेत! चांगला स्थिरावलोय!" फोन ठेवला की खुर्ची करकरायची आणि मग बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही.

शनिवारी सकाळी उलरिके आली आणि तिने झाडू घेतला. आजोबा दारात उभे.

"आत जा, बाबा. गार वारा आहे."

"पाटी माझ्या दारावर आणि झाडू तुझ्या हातात. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील मुलगी चांगली आहे."

"लोक म्हणतील म्हातारा संपला. उलरिके, तीस वर्षं मी अख्ख्या पठाराचा रस्ता साफ केला गं. मला आता अकरा पायऱ्या होत नाहीत?"

"होत नाहीत," उलरिके म्हणाली आणि झाडत राहिली. तिला रडू येत होतं म्हणून ती जोरजोरात झाडत होती. वर पहिल्या मजल्यावर हेफेलेबाई फटके मोजत असणार, याची मला खात्री होती.

चार आठवडे गेले. नोव्हेंबर संपत आला होता. माझी फेरी पुन्हा तळमजल्यावर आली, आणि या वेळी कोणाची दार गाळायची छाती झाली नाही. शुक्रवारी आजोबा फोनवर म्हणाले, "तू येऊ नकोस. देस्पिनाबाई करणार आहेत माझी पाळी." धडधडीत खोटं! देस्पिनाबाई तर तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या.

शनिवारी सकाळी दहा वाजता ते बाहेर आले. दारापुढचा रस्ता झाडला. ओली सडकी पानं, कुत्र्याची घाण, कोणीतरी थुंकलेलं. सगळं त्यांनी अगदी मन लावून गोळा केलं, आणि शीळ घालत होते! मी वैतागून बघत होते. मग ते तळघराच्या जिन्याकडे वळले. तो जिना माझ्या बरोबर समोर आहे, अकरा पायऱ्या, खाली अंधार. त्यांना घाम आला होता. त्यांनी लोकरी जाकीट काढलं आणि माझ्याखाली दाराच्या कडीला अडकवलं. त्या जाकिटाच्या खिशात लाल झाकणाची एक छोटी बाटली होती. छातीत दुखू लागलं की जिभेखाली मारायचा फवारा. डॉक्टरांनी बजावलं होतं, ही अंगावेगळी करू नका.

ती बाटली माझ्यापासून वीतभर अंतरावर होती आणि आजोबा एकेक पायरी झाडत माझ्यापासून दूर जात होते. पहिली. दुसरी. तिसरी. हाक मारायला मला तोंड नाही, मित्रांनो. मला फक्त तीच अक्षरं आहेत.

सातव्या पायरीवर झाडू थांबला.

मग झाडूचा दांडा पायऱ्यांवरून खाली गडगडत गेला. आजोबा कठडा धरून हळूहळू बसले. चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे, जाकिटाकडे. उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

घरात कोणी नव्हतं. वरचं तरुण जोडपं बाहेरगावी. देस्पिनाबाई नाहीत. हेफेलेबाई तेवढ्या होत्या. मी मनात म्हटलं, संपलं. आता ही बाई चारला येईल, काडी शोधेल, उंबऱ्यावर ठेवेल. मग चिठ्ठी. मग दुसरी.

पण वर दार उघडलं. सपातांचा फटफट आवाज आला. हेफेलेबाई तणतणतच उतरल्या.

"सातच! मोजलेत मी. अकरा पायऱ्या आहेत, राऊश, अकरा! अर्धी पाळी टाकून कोणी जातं का? असं तर आमच्या घरात आजवर कोणी..."

आणि त्या थांबल्या. कारण त्यांचं बोलणं त्यांनाच ऐकू आलं. आमच्या गावात माणूस झाडणं टाळेल, पुढे ढकलेल, मुलीच्या गळ्यात घालेल. पण एकदा झाडू हातात घेतल्यावर अर्ध्या जिन्यावर कोणी सोडत नाही. सोडला, तर ते सोडणाऱ्याच्या हातात राहिलेलं नाही.

त्या वाकून बघू लागल्या. आजोबांनी बोट वर केलं, माझ्या दिशेने.

"पाटी? अहो, पाटीचं काय घेऊन बसलात आता!"

आजोबांनी मान हलवली. बोट तसंच.

"पाटी मी बघते म्हटलं ना! बोला तरी काय होतंय!"

मी जर पडू शकले असते तर खिळ्यावरून पडले असते. हेफेलेबाई वळल्या, माझ्यासमोर आल्या, मला हात घातला, आणि माझ्याखाली त्यांना जाकीट दिसलं. मग एकदम त्यांचा हात खिशात गेला. लाल झाकण. त्या पायऱ्या दोन-दोन करत उतरल्या, सत्तरीच्या बाई! त्यांनी आजोबांना तोंड उघडायला लावलं आणि फवारा मारला. मग वर धावत जाऊन एकशे बाराला फोन केला, पत्ता दोनदा सांगितला आणि पुन्हा येऊन आजोबांशेजारी सातव्या पायरीवर बसल्या.

"मागच्या वेळी मी वर बसून चिठ्ठ्या लिहिल्या," त्या अचानक म्हणाल्या. "मेर्कले म्हणून होते. तुमच्याच घरात. तीन काड्या ठेवल्या मी त्यांच्या उंबऱ्यावर. ते आत मेलेले होते, आणि मी त्यांना बेशरम लिहिलं."

आजोबा बराच वेळ श्वास गोळा करत राहिले.

"आठव्या पायरीवर," ते कसेबसे म्हणाले, "काडी आहे. दिसतेय मला."

"असू दे."

"माझी आहे ना ती?"

"गप्प बसा हो राऊश. मेलात तर बघा!"

रुग्णवाहिका आली. त्यांना नेलं. आणि मित्रांनो, पुढे हेफेलेबाईंनी काय केलं असेल? झाडू उचलला आणि उरलेल्या चार पायऱ्या झाडल्या! माणूस दवाखान्यात आणि ही बाई झाडते आहे. मला भयंकर किळस आली. मात्र झाडून झाल्यावर त्या आठवी पायरी चाचपत होत्या, ते मी पाहिलं. काडी सापडली. ती त्यांनी काडेपेटीत परत नाही ठेवली. मुठीत धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. सहा वाजता त्या माझ्यासमोर आल्या. मला काढलं, आपल्या दारापर्यंत नेलं, तिथे घुटमळल्या आणि पुन्हा खाली आणून आजोबांच्या दारावर टांगलं. पुढच्या रविवारीही तसंच. दोन आठवडे मी त्या बंद दारावर होते आणि दोन आठवडे जिना त्याच झाडत होत्या, कोणाला न सांगता, रागारागाने.

आजोबांच्या हृदयाच्या एका वाटेत डॉक्टरांनी जाळीची नळी बसवली. ते उलरिकेच्या हाताला धरून परत आले. दारावर मला बघून थबकले.

"अजून माझीच पाळी?"

"मग कोणाची?" हेफेलेबाई वरून म्हणाल्या. "तुम्ही संपवलीत कुठे?"

आजोबा इतके हसले की त्यांना उशी छातीशी धरावी लागली. उलरिके मात्र हसली नाही.

"हेफेलेबाई, पुन्हा सांगते, बाबा आता कधीच झाडणार नाहीत."

"नाही झाडणार," आजोबा म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की उलरिके बघतच राहिली. "रस्ते झाडून झाले माझे. पण माझं दार गाळायचं नाही. माझ्या पाळीला जिना तुम्ही तिन्ही घरांनी वाटून घ्या, टपालपेट्यांचं पितळ मी बसून घासीन. आणि ही पाटी दर रविवारी एका दारातून घेऊन पुढच्या दारी मी पोचवीन. डॉक्टरांनी रोज एकदा जिना चढायला सांगितलाच आहे."

"पोचवा की. खिळे आहेत," हेफेलेबाई म्हणाल्या.

"खिळे काढायचे. मी टांगणार नाही. बेल वाजवणार, दार उघडेपर्यंत थांबणार, समोरच्याचं तोंड बघणार आणि पाटी हातात देणार. माझी पाळी आली की वरच्यांनी दार उघडून ती माझ्या हातात द्यायची."

"म्हणजे दर रविवारी एकमेकांची तोंडं बघायची?" हेफेलेबाईंनी नाक असं मुरडलं, जणू उंबऱ्यावर मेलेला उंदीरच पडलाय.

"हो. माझंसुद्धा."

"आणि कोणी दार उघडलंच नाही तर?"

"तर काडी ठेवायची नाही," आजोबा म्हणाले. "किल्लीवाल्याला बोलवायचं."



त्याच संध्याकाळी आजोबांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून जवसाच्या तेलाने पुसलं. साठ वर्षांनी. फडकं काळंकुट्ट झालं. त्यांनी ते फडकं स्वतःच्या नाकाशी नेलं आणि म्हणाले, "शी!" मला फार बरं वाटलं. सगळा वास गेला नाही. ते अकरा दिवस कशाने जाणार?

आता माझं म्हातारपण बरं चाललंय असं नका समजू. हेफेलेबाई अजून फटके मोजतात. देस्पिनाबाईंच्या जिन्यावर काडी अजून पडते. वरचं जोडपं दार उघडताना असं तोंड करतं, जणू कडू औषध घ्यायचंय. माणसं काही धुऊन निघत नाहीत. पण दर रविवारी सहा वाजता मी राऊशआजोबांच्या कोटाच्या आत असते. ते माझ्या भावाला, कठड्याला, धरून चढतात. चार पायऱ्या, थांबा. चार पायऱ्या, थांबा. आणि मी ते अडखळणारं हृदय ऐकत असते. संध्याकाळी त्यांचा हात आता भिंतीवर चाचपत नाही. बटण उजवीकडे असतं, हे त्याला पाठ झालंय.

गेल्या रविवारी मला हेफेलेबाईंकडे जायचं होतं. आजोबांनी बेल वाजवली. दार उघडलं नाही. पुन्हा वाजवली. आत काहीच हालचाल नाही. कोटाखालचं हृदय एकदम धावू लागलं. आजोबांनी दारावर हात मारला.

"हेफेलेबाई! अहो हेफेलेबाई!"

काही नाही. त्यांनी खिशातून फोन काढला. मला सगळं पुन्हा आठवलं, तो उंबरा, ते व्हिनेगर. मला वाटलं होतं की या बाईंचा मला कायमचा वीट आला आहे. पण त्या क्षणी मी मनातल्या मनात त्यांच्या सपातांच्या फटफटीची वाट बघत होते.

फटफट आली. दार धाडकन उघडलं. डोक्याला टॉवेल, मानेवरून साबणाचं पाणी ओघळतंय.

"काय हो आग लागलीय का? केससुद्धा धुवू देत नाही हा माणूस!"

आजोबांनी फोन खिशात टाकला. त्यांनी मला बाईंच्या ओल्या हातात ठेवलं.

"बघितलंत तोंड? झालं समाधान?"

"झालं," आजोबा म्हणाले आणि कठडा धरून खाली निघाले.

दार लगेच लागलं नाही. चार पायऱ्या, थांबा. चार पायऱ्या, थांबा. खालचं दार वाजेपर्यंत हेफेलेबाई मला साबणाच्या हातात धरून उभ्या होत्या. या वेळीही त्या मोजत होत्या.

मित्रांनो, जिना जरूर झाडा. पण एखाद्या दारापुढे कचरा साचलेला दिसला, तर नाक मुरडण्याआधी बेल वाजवा. आणि दार उघडेपर्यंत तिथून हलू नका.